गार्डनानांचे गुलाबी फ्रॉक

सात वर्षांच्या मुलाला दरवर्षी गुलाबी लोकरीचा फ्रॉक भेट देणाऱ्या माणसाला इतर गावांत काय म्हणतात, मला ठाऊक नाही. जळगावात, आमच्या वस्तीत, त्याला गार्डनाना म्हणतात आणि वर नमस्कार करतात.

मुलगा माझा. उमेश. चांगला धडधडीत मुलगा आहे. गोट्या खेळतो, चिंचेवर चढतो, आजवर तीन घरांच्या काचा फोडून झाल्यात. नानांनी त्याला रांगताना पाहिलंय, अंघोळीच्या भीतीनं उघडा पळतानाही पाहिलंय. म्हणजे गैरसमजाला जागाच नाही. तरी दर चंपाषष्ठीच्या आगेमागे हे गृहस्थ आमच्या दारात उभे राहतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पुढे करतात आणि म्हणतात, "घ्या मास्तर. उम्याले घाला." सोडून बघावं तर फ्रॉक. गुलाबी. गळ्याला झालर, कमरेला पांढरा पट्टा, घेरावर रांगेनं पांढरी बदकं. एका वर्षी बदकांच्या जागी फुलं होती. ती बघून बदकं बरी म्हणायची वेळ आली.

"नाना, अहो मुलगा आहे तो!"

"मंग? थंडी काय पोरगा-पोरगी देखीसन वाजस का?"

एवढं आपल्या अहिराणीत ऐकवायचं आणि झालं. नाना पाठ फिरवून चालू लागायचे. आमच्या मंदाला, म्हणजे बायकोला, मी म्हणायचो, "हा म्हातारा मला मुद्दाम डिवचतोय." ती म्हणायची, "टाके बघा किती एकसारखे घातलेत." आणि फ्रॉक ट्रंकेत ठेवून द्यायची. असे पाच फ्रॉक आमच्या ट्रंकेत साठले होते, एकापेक्षा एक मोठे.

मी तसा शांत माणूस आहे. माझ्या वर्गातली मुलं वेगळं सांगतील, पण त्यांचं मनावर घेऊ नका. मला एवढंच म्हणायचंय की अन्यायाला काही सुमार असावा.

नाना मालगाडीवर गार्ड होते. सगळी नोकरी भुसावळात गेली. मालगाडी म्हणजे रेल्वेतली सगळ्यात पडखाऊ गाडी. मागून मेल आली, हिला बाजूच्या रुळावर उभी करा. एक्स्प्रेस आली, उभी करा. त्या बाजूच्या रुळाला ते लोक लूप म्हणतात. कुठल्यातरी चार झाडांच्या स्टेशनावर गाडी तासन् तास लूपला उभी, आणि शेवटच्या डब्यात नाना एकटे. बाकीचे गार्ड विड्या ओढायचे, झोपा काढायचे. नानांनी क्वार्टर्समधल्या शेजारच्या पंजाबी बाईकडून विणकाम शिकून घेतलं आणि डब्यात बसून स्वेटर विणले. भुसावळात लोक हसले असतील. नानांना त्याचं काही नव्हतं. "सुया चालू राह्यन्यात म्हंजे गाडी चालू शे असं वाटस," असं ते मला एकदा म्हणाले होते.

रिटायर झाल्यावर ते आमच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायला आले आणि सगळ्या वस्तीला त्यांनी अंगावर घेतलं. दसरा झाला की सुया बाहेर. अंगणातल्या लोखंडी खुर्चीत बसायचं, गळ्यात शिट्टी, मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माप घ्यायचं. नको म्हणायची सोय नाही. दूधवाल्याला मफलर, पोस्टमनला बिनबोटांचे हातमोजे, सायकल दुरुस्तीवाल्या हमीदभाईंना पायमोजे, कोपऱ्यावरच्या आजींना कानटोपी, कुणाच्या घरी बाळ झालं की त्याला पायापासून डोक्यापर्यंत सगळं. पैसे विचारलेत तर माणूस आठ दिवस बोलायचा नाही. आणि काम पुरं झालं की नाना अंगणात उभं राहून शिट्टी फुंकायचे. ज्याचं असेल त्यानं हातातलं टाकून पळत यायचं, घालून दाखवायचं, गोल फिरायचं. एकदा ऐन भरिताच्या पार्टीत, पानावर वांग्याचं भरीत आणि गरम पुऱ्या आलेल्या असताना, त्यांनी पोस्टमनला उठवून हातमोजे घालून दाखवायला लावले. बिचाऱ्यानं खरकट्या हातानं काय केलं असेल, ते विचारू नका.

आणि माझं काय? सगळ्या वस्तीला मिळालं, पण माझा स्वेटर तीन वर्षं पाठ आणि एक बाही एवढाच होता! विचारलं की उत्तर ठरलेलं. "मास्तर, तुमना स्वेटर लूपले शे. आधी मेल जाऊ द्या." मेल म्हणजे कुणाचं तरी नवीन बाळ. वस्तीत बाळांचा काही तोटा नव्हता. तीन हिवाळे मी लूपला उभा! आणि मला लूपला टाकून हा माणूस माझ्याच मुलाला फ्रॉक विणत होता.

आता नानांच्या घरचं सांगायला हवं, कारण ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. नानांना एकच मुलगी. सुमन. ती नर्स झाली आणि तिनं जातीबाहेर लग्न केलं. नानांनी तिला सांगितलं, "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." ती धुळ्याला गेली. वर्षभरात नानांची बायको वारली. सुमन आली, हातात दोन महिन्यांची मुलगी. अंगणात उभी राहिली. नाना तिला आत ये म्हणाले नाहीत. ती तशीच परत गेली. त्यानंतर नानांना भुसावळात राहवेना, म्हणून ते जळगावला आले. आमच्यापाशी त्यांनी मुलीचं नाव कधी काढलं नाही. फक्त रोज सकाळी पेपर उघडला की आधी हवामानाचा कोपरा बघायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "धुळं सात. आपलं जळगाव नऊ." मला वाटायचं, म्हाताऱ्याला आकड्यांचा नाद आहे.

तर त्या वर्षी थंडी खरंच पडली. सहावा फ्रॉक येऊन चारच दिवस झालेले. एका सकाळी उमेश कुडकुडत होता, म्हणून मंदानं काय करावं? ट्रंकेतला तो नवा, सहावा फ्रॉक त्याला शर्टाच्या आतून घातला. "कुणाला दिसतंय? आणि ऊब बघा किती आहे." मी पेपर वाचत होतो, मला पत्ता नाही. शाळेत कवायतीच्या तासाला मुलांनी हात वर केले, उमेशचा शर्ट चड्डीतून सुटला आणि बदकं बाहेर आली.

त्याच शाळेत मी शिकवतो, हे लक्षात घ्या. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव गुलाबबाई पडलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो तर ड्रॉइंग मास्तर खिडकीकडे तोंड करून खोकायला लागले. कवायतीच्या मास्तरांनी तर मला गंभीरपणे विचारलं, "घरी मुलगी हवी होती का हो?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी उमेश रडत घरी आला. मी चहासुद्धा न घेता तो सहावा फ्रॉक उचलला आणि नानांच्या अंगणात जाऊन त्यांच्या मांडीवर टाकला.

"नाना, आज मला सरळ उत्तर पाहिजे. माझ्या मुलाची शाळेत शोभा झाली. तुम्हाला मुलगा-मुलगी कळत नाही असं नाही. मग रोज त्याला बोलावून हात वर कर, सरळ उभा राहा करत माप घेता आणि विणता फ्रॉक? हा फ्रॉक आहे कुणाचा?"

नानांनी फ्रॉक उचलला. झटकला. घडी घातली. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी थंडीचं सांगतील.

"तुमना उम्या न् ती, दोन महिन्यांना फरक शे," ते म्हणाले. "ती बी एवढीच व्हई."

"कोण ती?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. धुळ्याची नात. तेव्हाची दोन महिन्यांची मुलगी आता सात वर्षांची झाली असणार, आणि हा माणूस माझ्या मुलाच्या अंगावर तिचं माप काढत होता. दरवर्षी तिच्यासाठी विणायचं, आणि मग हिंमत होत नाही म्हणून आमच्या दारात आणून टाकायचं.

माणसाचा राग इथे निवायला हवा. माझा दुप्पट झाला.

"सहा फ्रॉक! आणि एकही पाठवला नाही? अहो, धुळं काय विलायतेत आहे? पारोळ्यावरून एस.टी. जाते, सकाळी बसलात तर जेवायला पोचाल! तिकडे ती पोर थंडीत काकडतेय आणि तिचे फ्रॉक माझ्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडलेत. आणि गुलाबबाई कोण, तर माझा मुलगा! शोभतं का तुम्हाला?"

नाना हळूच म्हणाले, "परत उनं तं?"

"काय परत आलं तर?"

"मास्तर, मी तिले आत ये म्हनं नही. माय मरेल व्हती तिनी, तरी म्हनं नही. आते मी पाठाडं न् तिनी परत धाडं, तं मंग मी काय विणू? कोनासाठे विणू? नही पाठाडं तवलोंग बरं शे."

एवढं बोलून ते पुन्हा सुया चालवायला लागले, पण टाके चुकत होते, हे मलासुद्धा दिसत होतं. मी पत्ता विचारला. ते नाही म्हणाले. मी आवाज चढवला. शेवटी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्या पडून पडून तो चार जागी फाटायला आला होता. मला वाचून दाखवण्यापुरताच काढला होता त्यांनी. मी तो हातातून घेतला, फ्रॉक उचलला आणि निघालो. "मास्तर, नका!" असं ते मागून दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. ऐकणाऱ्यातला मी नाहीच.

मंदानं त्याच संध्याकाळी मांजरपाटाचा तुकडा घेऊन पुडकं शिवलं. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर केलं. पाठवणाऱ्याच्या जागी नानांचं नाव ठसठशीत लिहिलं आणि फाटका कागद परत नेऊन देताना नानांना सांगून टाकलं, "गेलं तुमचं पार्सल. आता बसा वाट बघत." बोलायला काय जातं?

त्या दिवशी नानांनी सुया गुंडाळून कपाटात ठेवल्या.

पुढचे दिवस माझ्या शत्रूवरही येऊ नयेत. नाना खुर्चीत बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. हात रिकामे. रिकामे हात घेऊन बसलेले नाना बघवायचे नाहीत. आणि इकडे वस्ती माझ्यावर उठली. हमीदभाईंचा एकच पायमोजा झाला होता. ते तो एका पायात घालून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या पायानं काय गुन्हा केला?" कोपऱ्यावरच्या आजींनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. भल्यासाठी केलं होतं हो मी! पण पाच दिवस गेले, आठ गेले, धुळ्याहून काही नाही, आणि मग मलाही रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. ती पार्सल परत पाठवते, पोस्टमन ते आणून देतो, आणि नाना पुन्हा कधी सुई हातात धरत नाहीत. माझ्या या तापट स्वभावानं आजवर वर्गातल्या काही पट्ट्या मोडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाचं एवढं वाटोळं कधी केलं नव्हतं. मंदाला मी म्हटलं, "मी फार मोठी चूक केली." ती म्हणाली, "हो." एवढंच. धीर द्यायची पद्धत आमच्या घरात नाही.

शनिवार होता. शाळा सकाळची, मी नुकताच जेवून ओट्यावर आलो होतो. पोस्टमन नानांच्या अंगणात सायकलवरून उतरला. हातात कापडात शिवलेलं पुडकं.

मी तसाच अनवाणी पळालो. मंदा मागोमाग आली. हमीदभाई दुकान सोडून आले. नानांनी सही केली आणि पुडकं मांडीवर घेऊन नुसते बसले. पत्त्याच्या अक्षरावर त्यांनी अंगठा ठेवला होता. "सुमननं अक्षर शे," म्हणाले. उघडेनात.

"उनं ना परत," ते म्हणाले. मला नाही, असंच.

कात्री मंदानंच आणली आणि शिवण उसवली. मी मान वळवून उभा होतो. मग मंदा म्हणाली, "अहो, हा तो फ्रॉक नाही."

बघतो तर आत लोकरीचं काहीच नाही. एक सुती फ्रॉक. निळा, धुऊन धुऊन विटलेला, काखेत ठिगळ, एक बटण वेगळ्याच रंगाचं. मी पुडकं उलटं करून झटकलं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. एक ओळ नाही!

आणि मग मात्र माझा तोल गेला. "ही काय रीत झाली? म्हातारा माणूस दिवसभर बसून डोळे फोडून विणतो, आणि ही बाई त्याला जुनेर पाठवते? ठिगळाचं? नको होतं तर परत पाठवायचं होतं सरळ! बोहारणीला द्यायचं ते बापाला पाठवायचं? एवढा अपमान—"

"गप्प बसा हो!" मंदा ओरडली. लग्नाला दहा वर्षं झाली, ती माझ्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही.

नानांनी फ्रॉक हातात घेतला होता. ते उठले, ओट्यावर तो पसरला, हातानं सारखा केला आणि खांद्यापासून खाली वीत टाकायला लागले. एक वीत, दोन, तीन. मग बाहीची. मग छातीची. बायका शिंप्याकडे मापाला जुना ब्लाउज देतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. माझ्या घरातून दर दिवाळीला मीच तो नेऊन देत होतो. पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"माप धाडं शे, मास्तर," नाना म्हणाले. "तिनी माप धाडं शे. आपला तो तिले घट्ट झाया व्हई."

त्यांनी पुन्हा एकदा खांद्यापासून घेरापर्यंत मोजलं आणि एकदम माझ्याकडे वळले. "तुमना उम्यापेक्षा चार बोटं उंच शे! चार बोटं, मास्तर!" जसा काही मी पैज हरलो होतो.

मग ते खाली वाकले. फ्रॉकचा घेर दोनदा सोडलेला होता. पोर वाढली की दुमड उसवून लांबी वाढवतात, तशी. जिथे जिथे आधी दुमड होती तिथे गडद निळी रेघ राहिली होती. नानांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "इतली व्हती." मग खालच्या रेघेवर. "मंग इतली." मग कडेवर. तिथे त्यांचं बोट थांबलं. मंदानं पदर डोळ्यांना लावला. हमीदभाई आभाळाकडे बघायला लागले. मला रडू आलं, सरळ सांगतो. आणि त्या सुमनचा भयंकर राग आला, नानांचाही आला. आठ वर्षं! बापानं आत ये म्हटलं नाही, लेकीनं चिठ्ठी लिहिली नाही, आणि त्या पोरीची आमच्या मुलाएवढी उंची समजून हा माणूस विणत बसला.

"मास्तर, घरात कार्ड शे का?"

मी कार्ड आणून दिलं, पेन दिलं. नानांनी ते ओट्यावर ठेवलं, फ्रॉकच्या शेजारी. बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मी वर्गात शिकवतो. मी वाचलं.

"चि. सुमन हिस अनेक आशीर्वाद. पोरीला रंग कोणता आवडतो? — नाना."

"एवढंच?" मी म्हटलं. "आठ वर्षांनी लेकीला लिहिता आणि एवढंच? ये म्हणा की तिला! चुकलं म्हणा! अहो, अर्धं कार्ड कोरं आहे!"

"तिनी तं तेवढं बी लिखं नही," नाना म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून कार्ड परत घेतलं, थोडा विचार केला आणि खाली आणखी तीन शब्द लिहिले. मग ते माझ्या हातात कोंबलं आणि कपाटाकडे, सुया काढायला गेले. आतूनच ओरडले, "शेवटचं टपाल चारले निघस, मास्तर. पळा!"

मी कार्ड बघितलं. खाली लिहिलं होतं, "पोरीला घेऊन ये."

मी पळालो.